चोरी माझ्यासमोर झाली नव्हती

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला फसवलं आणि मी गास गावच्या एका पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाला फसवलं. त्यांनी ते ठरवून केलं, माझ्या हातून रागात झालं, असं मी पहिले काही दिवस स्वतःला सांगत होतो. आता सांगत नाही. कारण पोलीस ठाण्यात सही करताना माझा राग उतरलेला होता. सेक्रेटरींना मी अजून अहो-जाहो करतो. ते माझ्या जिभेचं वळण आहे, त्यात आदर शोधू नये.

माझं जूचंद्रला फरशीचं दुकान आहे. एकोणिसाव्या वर्षी देशावरून आलो तेव्हा ट्रकमधून फरशीची खोकी उतरवायचो. आज बिल्डरांकडे उरलेला माल लॉटने उचलतो आणि सुटा विकतो. लॉट उचलताना देणारा खोटं बोलतो आहे हे धरूनच बोलायला बसायचं, ही माझी पद्धत. फरशीवर बोटाने टिचकी मारली की आवाजावरून कळतं आत चीर आहे का. माणसांनाही मी तशाच टिचक्या मारत आलो. बायको म्हणते, म्हणून तुम्हाला एक धड मित्र नाही. मी म्हणतो, मित्र नाही, पण दुकान आहे ना.

दुकान आणि सोसायटी यांच्यात एक गल्ली आहे. अलीकडे दुकान, पलीकडे इमारत, इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. गिऱ्हाईकाने विचारलं, कुठे राहता, की मी मान वर न करता सांगतो, ‘समोरच.’ दिवसातून दहा वेळा तोंडातून जाणारा हा शब्द. पुढे त्याच शब्दावर मी घसरलो.

सेक्रेटरी मुंबईच्या एका कचेरीत कोर्टाचे कागद सांभाळायचे. निवृत्त झाले तरी कागदाची भाषा सुटली नाही. पाण्याची वेळ बदलली तरी फळ्यावर ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’. त्या काळात सोसायटीत लहानसहान चोऱ्या होत होत्या. गच्चीवरचे पितळी नळ गेले, पाण्याचा एक मीटर गेला, कोणाची सायकल गेली. सभा भरली. सेक्रेटरी उभे राहिले आणि म्हणाले, “पोलीस येईपर्यंत वाट कशाला पाहायची? नवी नागरिक सुरक्षा संहिता, कलम चाळीस. गुन्हा दखलपात्र पाहिजे, अजामीनपात्र पाहिजे आणि आपल्यासमोर घडलेला पाहिजे. मग कोणीही साधा नागरिक अटक करू शकतो. तुम्ही, मी, कोणीही.”

पहिल्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांनी विचारलं, “आणि चोर म्हणाला, मी नाही येत तुमच्याबरोबर, तर?”

“तर यांना हाक मारायची,” म्हणत सेक्रेटरींनी माझ्याकडे बोट केलं. “खोकी उचललेले हात आहेत. काय शेट?”

सगळे हसले. मीही हसलो. सांगायला लाज वाटते, पण मला ते आवडलं. माझ्यासारख्या हमालीतून वर आलेल्या माणसाला कोणीतरी कायद्याचं कलम हातात देत होतं. खरं तर तिथेच टिचकी मारायला हवी होती. लिफ्टमध्ये आपला मजला सोडून दुसऱ्यासाठी बटण न दाबणारा माणूस मला अधिकार का देतो आहे, हा प्रश्न मला पडला नाही.

दोन-तीन आठवड्यांनी, कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास नायगावच्या एक बाई बाथरूमच्या फरशीसाठी घासाघीस करत होत्या.

“भाऊ, याचा कोपरा उडालाय.”

“म्हणूनच या भावात देतोय. कोपरा धड असता तर तुम्ही वरच्या दुकानात गेला असता.”

“वरच्या दुकानात चहा तरी देतात.”

“त्यांच्या चहाचा भाव फरशीत लावतात, ताई.”

मी दुकानाच्या मागच्या बाजूला वरचं खोकं काढत होतो. तोंड भिंतीकडे, पाठ रस्त्याकडे. एवढ्यात आवाज आला, “चोर! धरा त्याला!” आवाज सेक्रेटरींचा होता. खोकं तिथेच टाकून मी धावलो. सोसायटीच्या फाटकातून एक माणूस खांद्यावर पंपाची मोटर घेऊन बाहेर येत होता. पंचेचाळिशीचा, काळासावळा, हातांना ग्रीस. तो पळत नव्हता. मोटर घेऊन आपल्या स्कूटरकडे चालत होता. हे मला तेव्हाही दिसलं होतं. पण एकदा अंगात राग चढला की दिसलेलं डोक्यापर्यंत पोचत नाही. मी त्याची कॉलर धरली. मोटर खाली आदळली, माझा पाय थोडक्यात वाचला, आणि त्या भरात मी त्याच्या कानाखाली एक दिली.

“अरे, झालं काय?” तो म्हणाला.

“मोटर कुठं घेऊन चाललास?”

“गिरीजला.”

“गिरीजला कोणाच्या बापाची वाडी आहे?”

“सेक्रेटरींना विचार ना. त्यांनीच बोलावलंय मला.”

सेक्रेटरी जिन्यातून धापा टाकत आले. त्याच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहून म्हणाले, “सगळे चोर असंच बोलतात. आत घ्या याला, दुकानात. गर्दी जमेल.”

फरशीच्या खोक्यांना प्लॅस्टिकची पट्टी येते, ओढली तर हात कापते पण तुटत नाही. त्या पट्टीने मी त्याचे हात बांधले आणि त्याला एका खोक्यावर बसवलं. नायगावच्या बाई फरशी न घेता निघून गेल्या. सेक्रेटरी म्हणाले, “मोबाईल काढून घ्या, साथीदारांना बोलवेल.” मी काढला. त्यांनी हात पुढे केला, मी त्यांच्या हातात दिला. मग म्हणाले, “ग्रुपवर फोटो टाका, लोकांना कळू दे.” फोटो मी काढला. ग्रुपवरही मीच टाकला. हे मी त्यांच्या माथी मारणार नाही.

“पोलिसांना फोन?” मी विचारलं.

“मी करतो. तुम्ही याच्यावर लक्ष ठेवा. घाई नाही, कायद्याने सहा तास दिलेत आपल्याला.” असं म्हणून ते गेले. मोटर त्यांनी दुकानाच्या दारात ठेवायला लावली. सोसायटीची वस्तू, म्हणाले, सगळ्यांना दिसू दे.

पुढचे चार तास आम्ही दोघंच दुकानात होतो. गिऱ्हाईक आलं की तो माणूस मान खाली घालायचा आणि मी सांगायचो, चोर धरलाय. गिऱ्हाईक लगेच भाव न विचारता जायचं. थोड्या वेळाने तो म्हणाला, “पानी दे जरा.”

बाटली त्याला धरता येईना. मी तोंडाला लावली. अर्धं पाणी त्याच्या शर्टावर सांडलं.

“हात सोड. मी पळनार नाय. माझी स्कूटर तिथं उभी हाय, पळून जाऊ कुठं?”

मी स्कूटरकडे पाहिलं. मागच्या लोखंडी पेटीवर लाल रंगात लिहिलं होतं, सर्व प्रकारचे पंप दुरुस्त करून मिळतील, आणि खाली मोबाईल नंबर. चोर आपला नंबर रंगवून येत नाही. मला हे दिसलं, आणि मी मनात म्हटलं, फार हुशार चोर दिसतोय.

“तू कवा आलास इकडं?” त्याने विचारलं.

“तीस वर्षं झाली.”

“माझा आजा गासवरनं इथं भात कापाय यायचा. तुझं हे दुकान हाय ना, तिथंच शेत होतं.”

“गासचा आजा जूचंद्रात कशाला येईल भात कापायला?”

“सोयरे हायत आमचे. सोयरीक काय तुलाच करता येते?”

मला हसू आलं होतं. मी ते दाबलं. धरलेल्या माणसाबरोबर हसलं की पकड सुटते, असं वाटलं. मग तो शांतपणे म्हणाला, “एक सांग. तू पायलंस का मला चोरी करताना?”

“अख्ख्या सोसायटीने पाहिलं.”

“सोसायटीचं नाय विचारलं. तू?”

“गप बस,” मी म्हणालो.

तीनच्या पुढे सेक्रेटरी आले. पोलिसांना एवढा वेळ का लागला म्हणून विचारलं तर म्हणाले, फोन लागत नव्हता. कपडे बदललेले होते. चपलांना ओली माती होती. पाऊस संपून महिने झाले होते, आमच्या गल्लीत सगळी धूळ, आणि यांच्या चपलांना चिखल. ही माती मी त्या दिवशी खरंच पाहिली की नंतर संशयाने आठवणीत चिकटवली, हे आता मला शपथेवर सांगता येणार नाही. शपथेबद्दल मी हल्ली जपून बोलतो. आम्ही रिक्षा केली. मोटर पायाशी, तो मध्ये, दोन बाजूंना आम्ही दोघे.

ठाण्यातल्या अधिकाऱ्याने आधी त्याच्या मनगटांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“किती वाजता धरलं?”

“अकराला.”

“आता किती वाजले?”

मी सेक्रेटरींकडे पाहिलं. मी म्हणालो, “साहेब, सहा तास असतात ना आपल्याला.”

“कोणी सांगितलं? विनाकारण उशीर न करता आणून द्यायचं, असं आहे ते. सहा तास ही शेवटची हद्द. तुम्हाला कोंडून ठेवायला दिलेली सुट्टी नाही ती. पट्टी कापा आधी. पकडलं कोणी?”

“यांनी,” सेक्रेटरी म्हणाले आणि एक पाऊल मागे सरकले. नंतर मी मान वळवली तेव्हा ते भिंतीवरची सूचना वाचत उभे होते, जणू दुसऱ्याच कामाला आले आहेत.

हवालदारांनी जबाब लिहायला घेतला. मोटरची किंमत विचारली. सेक्रेटरी वाचता वाचता माझ्या कानाशी आले. “पाच हजारांच्या वर सांगा. खाली असली तर गुन्हा दखलपात्र होत नाही, मग धरायचा अधिकारच राहत नाही.” मोटर चालू होती, किंमत तेवढी होतीच, म्हणून मी सांगितली. पण माणसाला हे बारकावे इतके तोंडपाठ कसे, हे तेव्हा खटकायला हवं होतं.

मग हवालदारांनी विचारलं, “चोरी तुमच्यासमोर झाली?”

“समोरच झाली,” मी म्हणालो.

दुकानाच्या समोर झाली, या अर्थाने ते तोंडातून गेलं. रोज दहा वेळा जातं तसं. हवालदार लिहीत होते. इथपर्यंत ती चूक होती. पुढची चूक नव्हती. मी न वाचता सही करत नाही. एकदा एका बिल्डरच्या पावतीवर ‘अंदाजे’ हा शब्द होता म्हणून मी भरलेला ट्रक परत पाठवला आहे. हा जबाब मी दोनदा वाचला. त्यात लिहिलं होतं, ‘माझ्या समक्ष’. समोर आणि समक्ष हे एक नाही, हे मला कळत होतं. बाकावर तो मनगट चोळत बसला होता. मी त्याला थप्पड मारली होती, बांधलं होतं, फोटो टाकला होता. तो चोर नसता तर मी कोण ठरलो असतो? मी सही केली.

घरी आलो. बायको एका शाळेत कारकून आहे, तिच्या हातून दाखले जातात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पोळी लाटता लाटता म्हणाली, “तुम्ही तर आतून खोकं काढत होतात म्हणालात.”

“समोरच झालं ना सगळं.”

“आपल्या दुकानासमोर झालं. तुमच्यासमोर कुठे झालं? मी दाखल्यावर असं लिहिलं तर मुख्याध्यापिका मला घरी बसवतील.”

“तुला काय कळतं त्यातलं,” म्हणून मी ताट सरकवलं. तिने ते उचलून झाकून ठेवलं.

त्या माणसाला काही दिवसांनी कोर्टातून जामीन मिळाला. सुटल्यावर त्याने माझ्याविरुद्ध तक्रार दिली. मारलं, हात बांधले, साडेचार तास दुकानात बसवून ठेवलं. मला ठाण्यातून फोन आला तेव्हा मी तडक सेक्रेटरींच्या दारात गेलो. ते बनियनवर पेपर वाचत होते.

“माझं नाव घालू नका हं यात,” ते म्हणाले. “मी काही पाहिलेलं नाही.”

“तुम्ही चोर म्हणून ओरडलात.”

“मी जिन्यात होतो. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी वरून विचारलं, मोटर कुठं नेता, म्हणून मला वाटलं काहीतरी गडबड आहे. ओरडलो. धरलं तुम्ही.”

“तुम्ही म्हणालात, धरा.”

“म्हणण्याने अटक होत नाही, शेट. हात लावण्याने होते.”

माझा हात त्यांच्या पेपरापर्यंत गेला होता. तो मी खिशात घातला. एक तक्रार पुरे होती.

शिक्षिकाबाईंना मी जिन्यात गाठलं. त्या भडकल्या. “मी फक्त विचारलं, मोटर कुठं नेता. चोर कोण म्हणालं? सगळी नोकरी मुलांना विचारण्यात गेली, डबा कुठं नेतोस रे. म्हणजे मी सगळ्यांना चोर म्हटलं का?” आणि मग जिना चढता चढता थांबून म्हणाल्या, “त्याने मला वर बघून सांगितलं होतं, सेक्रेटरींनी सांगितलंय म्हणून. तेवढ्यात हे ओरडले.”

त्या रात्री मला पंपाच्या खोलीचं कुलूप आठवलं. ते फोडलेलं नव्हतं. किल्ली एकाच माणसाकडे असते, सेक्रेटरींकडे. ही साधी गोष्ट मी, जो पावतीवरच्या शब्दासाठी ट्रक परत पाठवतो, इतके दिवस पाहिली नव्हती. का, तर पाहायची नव्हती.

तरी मी गासला गेलो तो खरं शोधायला नव्हे. सौदा करायला गेलो. त्याने माझ्याविरुद्धची तक्रार मागे घ्यावी, मी माझ्या बाजूने पैशाचं बघतो, असं डोक्यात होतं. घर शेताच्या कडेला. अंगणात उघडलेले पंप, तांब्याच्या तारेची वेटोळी. त्याची बायको ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. मला पाहून तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही.

“हाच का तो?” तिने नवऱ्याला विचारलं.

“हाच. बस रे.”

मी बसलो. मी माझं बोलणं मांडलं. लॉट उचलताना मांडतो तसं, आधी थोडं, मग थोडं वर. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “मी दुसऱ्या चार सोसायट्यांचे पंप बघत होतो. पंपाच्या खोल्यांच्या चाव्या माझ्याकडं असायच्या. चारी ठिकानी परत मागितल्या. आता सांग, ते तू कसं भरून देनार?”

“फोटो आमच्या मुलीच्या मोबाईलवर आला,” त्याची बायको म्हणाली. “बाप घरी यायच्या आधी. कालेजातल्या पोरींनी पाठवला, हे तुझे पप्पा ना म्हनून.”

मी म्हणालो, “तुम्ही तिथे पोलिसांना नीट सांगितलं असतं की—”

“सांगितलं,” तो म्हणाला. “चिठ्ठी घरी राहिली होती, ती पन बायकोनं नेऊन दाखवली. ते म्हनाले, कोर्टात दाखव. धरनारा सही करून सांगतोय की त्याच्या समक्ष चोरी केलीस, मग तुझ्या चिठ्ठीला कोन विचारतो?”

“कसली चिठ्ठी?”

तो आत गेला. प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद आणला. त्यावर लिहिलं होतं, दीड इंची पाइप, फूट व्हॉल्व्ह एक, बोल्ट चार, मोटर सोसायटीची, बसविण्याचे ठिकाण जावयाची वाडी, गिरीज. आणि सगळ्यांत खाली, ‘कळावे.’

मी कागद उजेडात धरला. उलटा करून पाहिला. माझ्या मनात आधी काय आलं असेल, तर हा कागद यांनी बनवला. पण पाइपांच्या यादीखाली ‘कळावे’ लिहिणारा माणूस पालघर जिल्ह्यात एकच आहे, आणि त्याच्या हातचा ‘ळ’ मी सोसायटीच्या फळ्यावर इतकी वर्षं वाचतो आहे.

“आदल्या दिवशी स्वतः स्कूटरवर बसवून नेलं मला,” तो म्हणाला. “माप घ्यायला. म्हनाले, जुनी मोटर हाय, कमिटीनं काढायची ठरवलीय.”

कमिटीने काहीही ठरवलेलं नव्हतं. नवी मोटर बसल्यावर ही दुसरी चालू मोटर अडीअडचणीला ठेवलेली होती.

आणि तरीही मला पटेना. ऐकलेल्यावर माझा विश्वास बसत नाही, आणि आता तर चिठ्ठीवरही नव्हता बसत. मी तिथून गिरीजला गेलो. वाडी शोधायला वेळ लागला नाही. केळीचा व्यापारी असल्यासारखा आत शिरलो. सेक्रेटरींचा जावई तिशीचा, मोकळा मुलगा निघाला. मी वेलची केळीच्या घडांना हात लावून म्हणालो, “घड बारीक दिसतात.”

“पानी नाय तर घड भरणार कसे, काका. मोटर जळली.”

“मग नवी घ्या.”

“येणार होती. सासऱ्यांनी बघितली होती. त्या दिवशी दुपारी धावत आले, पाइप सोडवून ठेवले, म्हणाले, थोडा उशीर होईल.”

विहिरीशेजारी नव्या सिमेंटचा चौथरा होता. चार बोल्ट वर आलेले, त्यावर काही नाही. बादलीने उपसलेल्या पाण्याने भोवतीची जमीन ओली. मी घडांचा भाव विचारला, त्याने सांगितला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस न करता परत फिरलो. त्या पोराला आपण काय सांगून बसलो हे ठाऊक नव्हतं. त्याचा यात काही दोष असेल असं मला वाटत नाही. पूर्ण खात्री मात्र मी कोणाचीच देत नाही.

म्हणजे माझ्या दुकानातले ते चार तास कशासाठी होते हे मला कळलं. मोबाईल त्यांच्याकडे, मोटरसाठी जोडलेले पाइप पुरावा राहू नये म्हणून त्यांना सोडवायचे होते, आणि आरोपीची राखण करायला खोकी उचललेले हात होते. शिक्षिकाबाईंनी वरून एक प्रश्न विचारला नसता तर मोटर गिरीजला बसली असती आणि कोणाला पत्ता लागला नसता. प्रश्न आला तेव्हा त्यांना एक चोर हवा होता आणि एक पकडणारा. दोघेही हाताशी होते.

रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आता?”

“जबाब बदलतो.”

“तुमच्या अंगावर येईल.”

“येईल.”

“मग जाताना शर्ट तरी चांगला घाला,” ती म्हणाली आणि दिवा घालवला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो. तेच हवालदार होते. मी म्हणालो, पुरवणी जबाब द्यायचा आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“वकिलाला विचारलंत?”

“नाही.”

“हे बघा शेट. चोरी तुमच्यासमोर झाली नाही असं म्हणालात, तर तुम्ही त्याला धरलं कोणत्या अधिकाराने? त्या कलमातला तुमचा आधार गेला. उरतं काय? एक थप्पड आणि साडेचार तास. शिवाय आधी खोटं का लिहून दिलं, हेही विचारतील. त्याची तक्रार तुमच्यावर आहेच.”

“माहीत आहे.”

“कोणी दबाव आणलाय?”

“कोणी नाही. लिहा, मी पाठमोरा होतो.”

“असं नसतं लिहीत.”

“काय असतं ते असतं. पाठमोरा हा शब्द मला त्यात पाहिजे. आणि समक्ष झाली नाही, हे वेगळं वाक्य पाहिजे. आणि सेक्रेटरींनी धरा म्हटलं, मोबाईल घेतला, किंमत कानात सांगितली, ही तीन वाक्यं वेगळी.”

त्यांनी लिहिलं. मी तीनदा वाचलं. मग सही केली. चिठ्ठी गासच्या माणसाने स्वतः आणून दिली. बाहेर पायरीवर भेटलो तेव्हा तो म्हणाला, “तक्रार मागं नाय घेनार मी.”

“घेऊ नका,” मी म्हणालो. त्याला अहो म्हणायला मला इतके दिवस लागले.

ग्रुपवर मी त्याच फोटोखाली लिहिलं, हा माणूस चोर नाही, याला मी न पाहता धरलं, फोटो पुसा आणि ज्यांना पाठवला त्यांना हेही पाठवा. तीन जणांनी अंगठा दाखवला. सेक्रेटरींनी तासाभरात फळ्यावर सूचना लावली, की काही सभासद भावनेच्या भरात वक्तव्ये करीत असून प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. चारपैकी एका सोसायटीने त्याला चावी परत दिली. तीन अजून विचार करत आहेत.

माझ्यावरचं प्रकरण चालू आहे. त्याचं उत्तर मी कोर्टात देईन, मारलं म्हणून सांगेन, बांधलं म्हणून सांगेन. वकील म्हणतात, एवढं उघड बोलू नका. मी त्यांचं ऐकणार नाही.

पण उत्तर माझ्यापाशी संपत नाही. सेक्रेटरी, मी सभेत उठून विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, विषयपत्रिकेत नाही. आता लेखी अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, चाळीस टक्के सभासदांच्या सह्या खाली आहेत. सभा बोलवा. गासच्या त्या माणसाला आणि त्याच्या बायकोला पुढच्या रांगेत बसवा. आणि त्यांच्या तोंडाकडे पाहून सांगा, पंपाच्या खोलीचं कुलूप कोणी उघडलं, मोटर न्यायला कोणी सांगितलं, त्याच्या मोबाईलचं त्या चार तासांत काय केलंत, आणि ज्याला तुम्हीच बोलावलं होतं त्याला चोर म्हणून ओरडलात का. मला हे उत्तर पाहिजे आणि ते मी घेतल्याशिवाय राहणार नाही.